डिचोलीला न जाणाऱ्या गाडीची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे, बसच्या कपाळावरची. धारगळच्या हमरस्त्यावर काजूगर विकणारी एक बाई हल्ली मला दोन दगडांवर आडवी टाकते आणि माझ्यावर पुड्या मांडते. गिऱ्हाईक नसलं की मी आपली गोष्ट सांगत बसते. बाई म्हणते, फळी करकरते. करकरत नाही हो, बोलते मी.

माझा जन्म पार्से गावचा. माझा बाप फणस. तो केवढा होता म्हणाल, तर त्याच्या एका फांदीवरून निघालेली मुंगी दुसऱ्या फांदीवर पोचेपर्यंत तिची नातवंडं लग्नाला यायची. हसा खुशाल. यातलं निम्मं खोटं आहे. पुढं सांगणार आहे ते मात्र सगळं खरं, म्हणून ते सांगताना मला मजा येत नाही.

पार्शाच्याच धाकू पेंटरनं मला रंधा मारला, पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि निळ्या अक्षरांत लिहिलं, ‘डिचोली’. त्यातल्या ‘ली’ची वेलांटी एवढी डौलदार होती, की म्हापशाच्या बाजारात म्हशी वाट सोडून बघत उभ्या राहायच्या. मालकानं मला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि गाडीवर चढवलं.

तेव्हा पणजीचा पूल पडलेला होता. पणजीची माणसं फेरीबोटीनं मांडवी ओलांडून बेतीला यायची. तिथून आमची गाडी पर्वरीची चढण चढून, म्हापसा, अस्नोडा करत डिचोलीला जायची. बेतीहून सरळ जाणाऱ्या गाड्या दोनच, दोन्ही आमच्याच मालकाच्या. खाणीवरचे कामगार, बाजार करून परतणाऱ्या बायका, सगळे मला लांबून ओळखायचे. ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, पण मान होता.

मग कोकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं. कोणाला कोकणी हवी होती, कोणाला मराठी, आणि दोघांनाही चहा एकाच दुकानातला लागायचा. तिथं रोज वाद व्हायचे. डिचोलीला कोकणीत दिवचल म्हणतात. गाव तेच, बाजार तोच, सकाळी पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा तोच. तरी एक दिवस मालकानं धाकूला बोलावून दोन्ही गाड्यांच्या पाट्या खरवडायला लावल्या. धाकू मला खरवडता खरवडता मालकाला म्हणाला, “गांव हाललो काय?” मालकानं निळ्या रंगाचा डबा त्याच्यापुढं सरकवला. मी ‘दिवचल’ झाले.

आमचा कंडक्टर गोकुळदास. मनानं वाईट नव्हता, पण तोंडाला लगाम नव्हता. जुन्या सवयीनं कोणी डिचोलीची गाडी विचारली, की तो मान हलवून सांगायचा, डिचोलीक वचना, दिवचलाक वता. डिचोलीला जात नाही, दिवचलला जाते. गाडीतले सगळे हसायचे, विचारणाराही हसायचा आणि चढून बसायचा. थट्टा घरच्या घरात होती तोवर बरी होती.

अशात एक दिवस सकाळी फेरीबोटीतून एक जोडपं उतरलं. गडहिंग्लजकडचं. नारायण, कचेरीतून निवृत्त झालेला कारकून, आणि त्याची बायको चंद्रभागा. चंद्रभागेच्या हातात एक गाठोडं होतं, ते ती क्षणभरही खाली ठेवीना. धक्क्यावर मासे विकणाऱ्या शेवंतीशेजारी ती टेकली आणि बोलू लागली. मी वर टांगलेली, सगळं ऐकत होते.

त्यांची लेक योगिता. खाणीवर टिपर चालवणाऱ्या सावंतवाडीकडच्या मुलाशी तिनं बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं आणि डिचोलीत संसार मांडला. तेव्हापासून बापानं तिचं नाव टाकलं होतं. आता तिला मूल झालं होतं. आजीनं ते पाहिलं नव्हतं. लेकीकडं चला म्हटलं असतं तर नारायण उठून गेला असता, म्हणून चंद्रभागेनं गोवा बघायचं काढलं. बेत नारायणानंच आखला. मुक्काम पणजीला, रोज बसनं कुठंतरी जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. आधी मंगेशी, मग तेरेखोलचा किल्ला, आणि शेवटच्या दिवशी डिचोलीवरून मयेचं तळं. तळं बघायला जाऊ, स्टँडवर कोण भेटलं तर भेटलं, असं तो म्हणाला होता. तेवढ्या शब्दावर चंद्रभागेनं लेकीला निरोप धाडला होता. किल्ला बघताना पाय सुजले, पण आज खरी सहल, असं ती शेवंतीला म्हणाली.

नारायणानं मला नीट वाचलं. कारकुनाचा विश्वास लिहिलेल्यावर. खात्री करून घ्यायला त्यानं गोकुळदासला विचारलं, ही डिचोलीला जाते का? गोकुळदासनं मान हलवली आणि आपलं रोजचं वाक्य टाकलं. गाडी हसली. नारायणाला अर्धंच समजलं, म्हणजे जात नाही एवढंच. तो आभार मानून मागं वळला. गोकुळदासला वाटलं हा आता बायकोला घेऊन चढेल, पण तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी काढली.

डिचोलीच्या स्टँडवर योगिता उभी होती. कडेवर मूल, मुलाला नवं झबलं. ती मागच्या दारातून उतरणारा प्रत्येक माणूस बघत होती. शेवटचा उतरला तरी ती जनेलांमधून, म्हणजे खिडक्यांतून, आत बघत राहिली.

दुपारी आम्ही बेतीला परत आलो, तर ती दोघं तिथंच. दुसरी गाडीही येऊन गेली होती, तिच्यावरही ‘दिवचल’च. सकाळभर गिऱ्हाइकांत गुंतलेल्या शेवंतीला ती दोघं अजून इथंच का, ते आत्ता उमगलं. तिनं सांगितलं, अहो, दिवचल म्हणजेच डिचोली, हीच ती गाडी. नारायणाचा चेहरा काळवंडला. सकाळचं हसणं त्याला आत्ता ऐकू आलं. ज्या गाडीत आपल्याला वेडा ठरवलं त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं तो बोलला, आणि नदीकडं तोंड करून बसला.

“थट्टा तुमची झाली,” चंद्रभागा म्हणाली. “तिकडं वाट बगत उबी हाय ती माजी लेक हाय.”

तो वळला नाही. आम्ही गेलो. योगिता तिथंच होती. मूल रडत होतं.

शेवटच्या फेरीला चंद्रभागा एकटीच गाडीच्या दाराशी आली. एक पाय पायरीवर ठेवला. गोकुळदास एव्हाना सगळं समजून चुकला होता. त्यानं तिला हात दिला आणि म्हणाला, “चड, आवय. तिकीट नाका.” आई म्हणाला तिला, तिकीटही नको म्हणाला. मग खाली उतरून तो नारायणापुढं हात जोडून उभा राहिला. नारायण त्याच्याकडं न बघता बायकोला म्हणाला, “उद्या सकाळी आपली परतीची गाडी आहे. एकटी गेलीस तर गावाकडंही एकटीच ये.”

मित्रांनो, मी लाकूड आहे. तरी त्या पायरीवरचा पाय खाली आला, तेव्हा मला पुन्हा करवत लागल्यासारखं झालं.

तिनं गाठोडं गोकुळदासच्या हातात दिलं. आत शेंगदाण्याचे लाडू होते आणि हातानं शिवलेली कुंची.

डिचोलीला दिवेलागण होत होती. योगितानं गाठोडं ओळखलं, आधी गाठ कुरवाळली आणि मग विचारलं, “आई कुठं आहे?”

गोकुळदासनं खांद्यावरची तिकिटांची पिशवी सारखी केली. “गाडी चुकली त्यांची,” तो म्हणाला.

तिनं वर माझ्याकडं बघितलं. “चुकेल कशी? बाबांना वाचता येतं, आणि पाटी तर एवढी मोठी आहे.”

त्यानंतर मी कितीतरी वर्षं त्या वाटेवर धावले. गोकुळदासनं ते वाक्य परत कधी उच्चारलं नाही. गडहिंग्लजचं जोडपं मला परत दिसलं नाही. योगिताच्या नवऱ्याला दुसऱ्या खाणीवर काम मिळालं आणि तीही दिसेनाशी झाली. पुढं पत्र्याच्या पाट्या आल्या, मला उतरवून गॅरेजमागं फेकलं, वाळवीनं एक कोपरा खाल्ला. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, छपराखाली ठेवा, असं मागणं मी मागत नाही. पण कधी स्टँडवर परका माणूस तुमच्या गावाचं नाव तुम्हाला नको असलेल्या भाषेत विचारील. त्याला आधी गाडीत बसवा. नाव काय ते वाटेत सांगा.