बिनखळीची घोंगडी

सांगोल्याच्या बाजूला बिरप्पाच्या घोंगड्यांचं नाव होतं, आणि ते नाव त्याच्या डोक्यात जरा जास्तच गेलं होतं. चिंचोक्यांची खळ तो अशी दाट चढवायचा की नवं घोंगडं काठीसारखं ताठ राहायचं. ताठा नसलेलं घोंगडं विकायला त्याला लाज वाटे.

त्या साली सोलापूरच्या बसलिंगप्पा शेटजींनी पहिल्यांदाच परदेशी धाडायचा माल त्याच्याकडून मागवला. माल पसंत पडला तर वस्तीवरचे सगळे माग बारमाही चालणार होते. एरवी हंगाम सरला की विणकर हात बांधून बसत. मागणीबरोबर चिठ्ठी आली. घरात वाचता येई ते एकट्या सुनेला, ईरम्माला. अक्कलकोटकडच्या माहेरी ती चार यत्ता शिकली होती. तिनं वाचून दाखवलं: घोंगड्यांना खळ लावू नये, बोटीच्या दमट हवेत बुरशी धरते.

बिरप्पा हसला. चार बुकं शिकून सासऱ्याला घोंगडं शिकवायला निघालीस काय, म्हणाला. साहेबाच्या मुलखात आपलं हसं नको म्हणून त्यानं उलट खळ दुप्पट लावली.

अख्खा माल बुरशी धरून परत आला. शेटजींनी जाब विचारला तेव्हा बिरप्पाची पाचावर धारण बसली. त्यानं गाडीवानाबरोबर निरोप धाडला, सुनेनं चिठ्ठी चुकीची वाचली. शेटजींनी उलट सांगितलं, सुनेलाच घेऊन या.

का बोलावलंय हे त्यानं ईरम्माला सांगितलं नाही. तिला ते पेढीवर कळलं.

"मागल्या खेपेला तू चुकीचं वाचलंस म्हणतात तुझे सासरे," शेटजी म्हणाले. त्यांनी नव्या मागणीचा कागद तिच्यापुढं धरला. "हे वाच बघू."

तिनं नीट वाचून दाखवलं, तर बिरप्पा खोटा ठरणार आणि मागणी हातची जाणार. ईरम्मानं कागद घेतला. तिचे डोळे ओळीओळीवरून शेवटापर्यंत गेले. सगळं वाचलंय हिनं, हे त्याला स्पष्ट दिसलं. एकदा तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि कागद खाली ठेवला.

"मला नीट वाचता येत न्हाय. चूक माजीच हाय."

शेटजींना बिरप्पाची कीव आली. विणणाऱ्याचा काय दोष, म्हणाले, आणि मागणी पुन्हा त्यालाच दिली. यापुढं गावातल्या ज्ञानबा मास्तरांकडून कागद वाचून घ्या, असं बजावलं.

"पोरीची चार वर्षं शाळेत फुकटच गेली म्हणायची," शेटजी उठता उठता म्हणाले.

आता तरी बोलावं, असं बिरप्पाच्या मनात आलं. ईरम्मा दाराशी पदर सावरत उभी होती, सगळं ऐकत होती.

"व्हय की," तो म्हणाला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मागणीचा कागद त्यानं मुठीत घट्ट धरून ठेवला होता.