फुलीचा रोडगा

भगवानरावांनी बोट करून कोकिळेला तळ्यातलं बदक दाखवलं आणि चुलीपाशी बसलेल्या सत्यभामेच्या अंगाचा तिळपापड झाला. बदकच ते, तळ्यात असणारच! पण एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला कधी साधी चिमणी दाखवली नव्हती.

सत्यभामा पहिली. तिला मूल होईना, आणि दुसरी बायको करायला बंदी येणार असं कानावर आलं, तेव्हा भगवानरावांनी घाईघाईनं कोकिळेला घरात आणलं. आता कायदा येऊनही दोनेक वर्षं झाली होती. कोकिळेलाही मूल नव्हतं, पण तिला कोणी वांझ म्हणत नव्हतं. सत्यभामेचं पोट खरं दुखायचं ते इथं.

कापसाची पहिली वेचणी आटोपली की बंडी जुंपायची, जंगलातल्या तळ्यावर जायचं आणि रोडगे खायचे, ही त्यांच्या घरची रीत. कणकेच्या पोळीवर पोळी ठेवून गोळे वळायचे आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे. तोंडी लावायला वरण आणि वांग्याची भाजी. घरातलं लोणी, कपाटाची किल्ली, नवऱ्याच्या अंगरख्याची गुंडी, सगळं हळूहळू धाकटीकडे गेलं होतं. रोडगे तेवढे सत्यभामेचे राहिले होते. "रोडगा खावा तं सत्यभामेच्या हातचा," असं भगवानराव दरसाल म्हणायचे. त्या एका वाक्यावर ती वर्ष काढायची.

आणि आज ही बया बदक पाहून आली ती थेट परातीजवळ बसली.

"बाई, मीबी वळू काय दोन-चार?"

"वळ ना. तुले कोण नाही म्हणते?" सत्यभामा म्हणाली. नाही म्हणण्याची सोय होती कुठं?

कोकिळा पाठ करून बसली. भाजी ढवळता ढवळता सत्यभामेनं मान वाकडी करून पाहिलं. कोकिळेनं कनवटीची पुरचुंडी सोडली, गुळाचा खडा काढला, एका रोडग्याच्या पोटात दडवला आणि वर काडीनं फुली काढली. मग साळसूद चेहऱ्यानं तो बाकीच्यांत ठेवून दिला.

आता उलगडा झाला! नवरा खाईल, गोड लागेल, विचारील कोणी केला. ही मान खाली घालून लाजेल. पुढच्या वर्षी रोडगेही हिचेच. सत्यभामेच्या डोळ्यांना धूर लागत होता की आणखी काही, तिचं तिलाच कळेना.

रोडगे विस्तवात गेल्यावर कोकिळा जेवायला पळसाची पानं आणायला गेली. भगवानराव मोहाच्या झाडाखाली बैलांजवळ होते. सत्यभामेनं विस्तव उकरला, फुलीचा रोडगा चिमट्यानं उचलला आणि तळ्यात भिरकावला. पाण्यानं तो गिळला. बदकं उडाली. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की भाजीत मीठ घालताना ती चक्क गुणगुणली.

भगवानराव जेवले. "रोडगा खावा तं सत्यभामेच्या हातचा," म्हणाले आणि मोहाखाली आडवे झाले. कोकिळेनं वाईट वाटून घेतलं नाही. उलट हसली. सत्यभामेला त्या हसण्याचा अर्थ लागेना.

मग दोघी जेवायला बसल्या. कोकिळा राख चिवडू लागली. एकेक रोडगा उलटून पाही आणि परत ठेवी.

"काय शोधून राह्यली वं?"

"फुलीवाला. तुमच्यासाठी केलता, बाई. तुमीच म्हणत होत्या ना, माहेरी बोरीले तुमची माय एका रोडग्यात गूळ लपवे, अन् तो तुमच्याच पानात पडे?"

सत्यभामा म्हणाली होती खरी. कधीतरी, तवा घासताना, तव्याशीच बोलल्यासारखी. नवरा तिथंच बसला होता, पण त्याच्या काही लक्षात राहिलं नव्हतं. लक्षात ठेवलं हिनं.

"जळला तो," सत्यभामा म्हणाली. "कोळसा झाला. फेकला मी."

"जाऊ द्या. गूळ हाय अजून." कोकिळेनं पुरचुंडी सोडली. आपला रोडगा फोडला, उरलेला सगळा गूळ अर्ध्या भागावर चुरला आणि तो अर्धा सत्यभामेच्या पानात वाढला.

सत्यभामेनं घास घेतला. थेट आईच्या हातचा लागला. तिला वाटलं, उठावं आणि हिच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. नवरा नेला, किल्ली नेली, आणि आता चांगुलपणातही हीच पुढे गेली! मागे एकच गोष्ट उरली होती, हिचा मनमुराद राग करायची. तीसुद्धा या गुळाबरोबर विरघळायला लागली होती.

"गोड हाय ना, बाई?"

"बरा हाय," सत्यभामा म्हणाली, आणि रडू दिसू नये म्हणून बदकं परतली का ते पाहत बसली.