दर पाच सेकंदांनी

माझी पत्नी रत्नम्मा हिने नांदेडला मुलीला फोन लावला आणि सांगितले, की महाशिवरात्रीपर्यंत ती तिकडेच येऊन राहील. लातूरच्या घरात आता लिंगपूजा होत नाही. बोलताना तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

कारण होते माझी सर्व्हरची रॅक. तंत्रनिकेतनात चाळीस वर्षे शिकवताना केलेले आराखडे, टिपणे आणि घरचे सारे फोटो तिच्यातील दोन हार्ड डिस्कवर आहेत. इन्व्हर्टरची लाइन केवळ देवघरालगतच्या भिंतीत असल्याने रॅक दुसरीकडे हलवता येत नाही. पहाटे रत्नम्मा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते तेव्हा भिंतीपलीकडे डिस्क फिरत असते. "तुमची पेटी मला मोजायला लावते," असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी वहीत नोंद केली : तक्रार, आवाज.

त्यानंतर जे करायचे ते मी पद्धतशीरपणे केले. मोबाइलवर आवाज मोजला, रॅकखाली रबर बसवले, पंखा बदलला, आठ दिवसांचा तक्ता आखला. आवाज चौतीस डेसिबलवरून एकोणतीसवर आला. तक्ता तिला दाखवला. तिने घडी घालून तो परत दिला.

मग बसने नांदेड गाठले. माझा जुना विद्यार्थी अमरेश तेथे संगणकाचे दुकान चालवतो. कमी आवाजाची, कमी वीज खाणारी डिस्क हवी, हे मी कागदावर लिहूनच नेले होते. कागद वाचून त्याने मोठ्या कार्यालयांत वापरतात ती जाडजूड डिस्क समोर ठेवली.

"सर, कमी पॉवरचं कशाला घेऊन राहिलात? लोकं तर भारीचं मागायलेत."

कमी पॉवर म्हणजे कमी दर्जा, ही त्याची ठाम समजूत. वॅट आणि कार्यक्षमता यांतला फरक त्याला मीच शिकवला होता, त्यामुळे राग कोणावर काढावा हेही कळेना. परंतु माहितीपत्रकात त्याच डिस्कचा आवाज वीस डेसिबल छापलेला होता आणि विजेचा आकडाही माझ्या जुन्या डिस्कपेक्षा कमी होता. छापील आकड्यापुढे मी आयुष्यभर नमत आलो आहे. दोन डिस्क घेतल्या. सगळी माहिती त्यांवर उतरवण्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या पहाटे रत्नम्मा दहा मिनिटांतच पूजेवरून उठली, नांदेडला तो फोन लावला आणि मला माळ्यावरची बॅग काढायला लावली. आवाज आता जवळजवळ ऐकूच येत नाही, असे मी म्हणालो.

"अहो, आवाजाचं मी कधी बोलले? ती ठरल्या वेळानं टिक करती, अन् माझा जप तिच्या मागं जातो. नमः शिवाय मी म्हणायले का तुमची पेटी म्हणवून घ्यायली?"

मी घड्याळ घेऊन तिच्या पाटावर बसलो. टिक. बरोबर पाच सेकंद. पुन्हा टिक. झीज एकाच जागी होऊ नये म्हणून या जातीची डिस्क रिकामी असतानाही दर पाच सेकंदांनी आपला काटा सरकवते. जुनीही तेच करत होती. आणि माझ्या तक्त्यात केली तशी आवाजाची सरासरी काढली की टिक तिच्यात बुडून जाते. सरासरीवर विसंबू नका, हे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे.

अमरेशला फोन करून आत काहीच न फिरणारी एसएसडी मागितली.

"पण सर, ती लई कमी पॉवरची हाय."

"तीच पाठव."

संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने ती आली. क्षमता निम्मीच, त्यामुळे जुने आराखडे मोठ्या डिस्कवरच ठेवले. त्या डिस्क आता आठवड्यातून एकदाच, रत्नम्मा बाजाराला गेल्यावर, जाग्या होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे काहीही नव्हते. मला राहवेना, यंत्र जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी मी हिरवा दिवा तीनदा बघून आलो. रत्नम्मा चाळीस मिनिटांनी बाहेर आली, भस्म लावलेल्या कपाळानेच फोनपाशी गेली आणि मुलीला म्हणाली, "मंजुश्री, शिवरात्रीला तूच ये इकडं."

बॅग परत माळ्यावर मलाच चढवावी लागली.