नंदाखालचा डबा आणि कड्यावरच्या बकऱ्या

मी नंदाखाल गावच्या मेरी एडवर्ड यांचा स्टीलचा डबा बोलतोय. खोटं वाटत असेल तर माझं झाकण बघा, ठिपक्याठिपक्यांनी नावच कोरलंय. कोरणाऱ्याने 'एडवर्ड'मधला शेवटचा 'ड' तिरका काढला म्हणून मेरीबाई भर बाजारात त्याच्याशी भांडली होती. तेव्हाच मी ओळखलं, आपण चांगल्या घरी पडलो.

माझं काम एकच, जायचं आणि यायचं. मेरीबाईचा नवरा एडवर्ड आणि चंदनसारचे जयवंतराव एकाच कंपनीत नोकरीला. मेरीबाई माझ्यातून सुक्या बोंबलाची चटणी पाठवायची, जयवंतरावांच्या पत्नी यमुनाबाई श्रीखंड पाठवायच्या. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोन्ही घरांत ठरलेलं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही म्हणजे नाही!

यमुनाबाईंची मुलगी स्वप्ना जनावरांची डॉक्टर झाली आणि दवाखाना थाटायचं सोडून हिमाचलातल्या रानबकऱ्यांच्या मागे लागली. मोठाल्या शिंगांच्या, सरळ कड्यावर चढणाऱ्या बकऱ्या. दोन हजार दोन साली त्या बकऱ्यांचे डोळे आले. आपले डोळे आले तर आपण काळा चष्मा लावून घरी बसतो. कड्यावरच्या बकरीचे डोळे आले की तिला दिसेनासं होतं आणि ती खाली दरीत जाते. स्वप्नाने अशा पडलेल्या बकऱ्या पाहिल्या होत्या आणि त्यांचा विषय निघाला की तिला जेवण जात नसे.

तिचा संशय होता, ही साथ चरायला येणाऱ्या मेंढ्यांकडून आली. पण नुसत्या संशयावर मेंढ्यांना औषध कोण देणार? म्हणून तिने बकऱ्यांचं रक्त आणि डोळ्यांतलं पाणी छोट्या नळ्यांत भरून आणलं. कळप लहान, नात्यातल्या नात्यात पिल्लं होऊन तो आणखी अशक्त झालाय का, हेही त्याच रक्तातून कळणार होतं. नळ्या नासल्या असत्या तर वर्ष फुकट गेलं असतं, आणि तोवर कळप राहिला असता की नाही देव जाणे.

ती शनिवारी संध्याकाळी घरी पोचली. मुंबईची प्रयोगशाळा सोमवारशिवाय उघडणार नव्हती आणि थर्मासमधला बर्फ वितळत आला होता. ओट्यावर मी पालथा पडलो होतो. तिने मला पुसलं, नळ्या माझ्यात रचल्या, झाकण दाबलं आणि मला फ्रीजरमध्ये ठेवलं. मी श्रीखंडाची वाट बघत होतो हो! पोटात रक्त घेऊन मी रात्रभर गारठलो.

रविवारी नंदाखालला सण होता आणि मेरीबाईकडे जयवंतरावांना जेवायचं बोलावणं होतं. स्वप्ना प्रवासाने मेल्यासारखी झोपलेली, यमुनाबाई भिशीला गेलेल्या. जयवंतरावांनी बर्फासाठी फ्रीजर उघडला तर समोर मी. मेरीचं नाव, आणि वजनाला भरलेला!

"वा, यमुनेने भरून ठेवलाय वाटतं," म्हणत त्यांनी मला स्कूटरच्या डिकीत टाकलं. मी ओरडलो असतो, पण डब्याचं कोण ऐकतं? वर ऊन तापलेलं. माझ्या अंगाला घाम फुटला, तो नुसता बाहेरच्या हवेने नव्हता.

मेरीबाईने सगळ्या पाहुण्यांसमोर कौतुकाने माझं झाकण उघडलं आणि तिचा चेहराच उतरला.

"भावोजी, हे रक्त कुणाचं?"

जयवंतरावांनी नळी उचलली. चिठ्ठीवर स्वप्नाचं नाव होतं. त्यांनी दुसरी नळी काढली, तिसरी काढली. "एवढ्या नळ्या... पोरगी आमच्यापासून काय लपवतेय?"

मेरीबाईने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. मग तिने फ्रीजरमधून पाहुण्यांसाठी आणलेलं आइस्क्रीम बाहेर काढलं आणि मला आत सरकवलं.

"अगं, आइस्क्रीमचं पाणी होईल!" एडवर्ड म्हणाला.

"होऊ दे. पोरीचं रक्त आहे ते."

तिकडे जागी झालेल्या स्वप्नाने रिकामा फ्रीजर बघून घर डोक्यावर घेतलं. नंदाखालला फोनवर फोन केले, पण मांडवातल्या बँडपुढे घंटी कुणाला ऐकू येणार? शेवटी रिक्षा करून ती केस विस्कटलेल्या अवस्थेतच येऊन धडकली.

"मावशी, डबा?"

"डबा मरू दे! आधी सांग, तुला काय झालंय?"

"मला? मला काही नाही गं. बकऱ्यांना झालंय!"

मेरीबाईने तिला गच्च मिठी मारली आणि रडता रडता हसू लागली. जयवंतराव भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. स्वप्नाने मला उघडलं, नळ्यांना हात लावला. गार होत्या! तिने तिथेच फरशीवर बसकण मारली.

"बकरीचं रक्त होय!" एडवर्ड म्हणाला. "आधी सांगितलं असतंस तर कांद्यावर परतलं असतं की." सगळा मांडव खदखदला, आणि आइस्क्रीम लोकांनी कपातून प्यायलं.

निघताना मेरीबाई म्हणाली, "डबा तुझ्याकडेच राहू दे. बकऱ्या बऱ्या झाल्या की आणून दे. पण रिकामा नको हं."

संशय खरा निघाला. पुढच्या उन्हाळ्यात मेंढ्यांना वर जाण्याआधीच औषध दिलं गेलं. नळ्या वाहायला मीही गेलो होतो, तिथेच माझ्या कुशीला पोचा पडला. परतायच्या दिवशी स्वप्नाने मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि उन्हात ठेवलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला उचललं, आपल्या झोळीतले सुके जर्दाळू माझ्यात ओतले आणि म्हणाला, "बेटी, डिब्बा खाली नहीं ले जाते." माझा ऊर भरून आला. इतक्या उंचावरही आपलीच माणसं भेटली!

नंदाखालला मेरीबाईने मला मांडीवर घेतलं, पण झाकणाला हात लावला नाही.

"आधी सांग, बकऱ्या सगळ्या बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत, मावशी. यंदा पिल्लंसुद्धा झाली."

तेव्हा कुठे तिने झाकण उघडलं.

आता माझं नाव पुसट झालंय, तो तिरका 'ड' तेवढा दिसतो. तरी माझ्या फेऱ्या चालू आहेत. तुमच्या घरात कुणाचा डबा अडकला असेल तर परत करा बुवा, आणि भरूनच करा. फक्त नेण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.