मोठ्या बाईंचे तीन मीटर

"आधी हात आवळायचा आणि मग विचारायचं, बरं वाटतंय ना," मोठ्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होते. ऐकलंच नाही असं दाखवलं.

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय एक्क्याऐंशी, दुसऱ्या मजल्यावर एकट्या. मी त्यांची नर्स, पण सुया टोचणारी नव्हे. डॉक्टरांच्या वेळा, गोळ्या, तपासण्या, कामवालीचं येणं-जाणं असं सगळं मी जुळवून ठेवते आणि दर महिन्याला परगावच्या मुलाला लिहून कळवते, आई एकटी राहू शकते की नाही. त्याचे तो मला पैसे देतो.

हॉस्पिटलची नोकरी सोडून हा स्वतःचा उद्योग काढला तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसांना काय तोटा आहे? तोटा नव्हताच. पण नवरा म्हणतो, "तुझं गिऱ्हाईक सुधारलं तरी जातं, बिघडलं तरी जातं." सहा जण होते. एक आजोबा वारले, एका आजींना मुलीने नेलं, एकीची सून म्हणाली, एवढं तर मीही करते. दोघं वृद्धाश्रमात गेली, तीही मीच तसं लिहून दिलं म्हणून. उरल्या मोठ्या बाई. त्यांच्यावर आमच्या घराचं भाडं निघतं. मध्यंतरी हॉस्पिटलात विचारून आले. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथे मेट्रन आहे. तिने बसवलं, चहा पाजला आणि माझ्या वयाचा विषय फार मायेने काढला.

रक्तदाब झाल्यावर चालण्याची चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर जमिनीला चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या वर गेलं की पडायचा धोका, असं आम्ही धरतो. गेले तीन महिने मी घड्याळ जरा उशिरा सुरू करत होते आणि बाईंची पाठ टेकायच्या आत बंद करत होते. माझी मी समजूत घालत होते की त्या आज दमल्या असतील.

आज मी पट्टीकडे बघितलं आणि बघतच राहिले. खुर्चीपासून दहा फरश्या असायच्या, आता सात होत्या. जुन्या जागी डिंकाचा मळका चट्टा तेवढा राहिला होता.

जिला मोजे घालायला मी लागते, ती बाई जमिनीवर बसली होती, नखाने पट्टी उकलली होती, तीन फरश्या अलीकडे आणून दाबून बसवली होती. तीस वर्षं पोरींच्या ओढण्यांतल्या चिठ्ठ्या पकडलेली बाई. मग मला त्यांच्या दुसऱ्या हाताच्या कोपरावरचा काळानिळा डाग दिसला, आणि त्या खाली कशा बसल्या असतील यापेक्षा उठल्या कशा असतील, हे मनात आलं. विचारलं तर म्हणाल्या, कपाटाचं दार लागलं. कपाट पलीकडच्या खोलीत आहे आणि त्याला पडदा आहे, दार नाही. मी बरं म्हटलं.

"चालू?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"चाला."

अकरा सेकंद. मी अकरा लिहिले. अक्षर नीट काढलं.

दहा वाजता ठरल्याप्रमाणे मुलाचा फोन आला. चेहरा दिसावा म्हणून मी तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मुलगा वाईट नाही. त्याच्या दोन खोल्यांत सासू आधीच अंथरुणाला खिळून आहे, आणि त्याचा प्रश्न नेहमी उत्तर सोबत घेऊनच येतो. "काय ताई, सगळं ठीकच असणार?" मी म्हटलं, चालणं अकरा सेकंदांत, रक्तदाबही आटोक्यात. त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. मग ते तर छानच झालं म्हणाला, या महिन्याचे पैसे आजच पाठवतो म्हणाला. मीही आभार मानले. माझाच आवाज मला परक्या बाईचा वाटला.

बाई पदराने कोपर झाकून ऐकत होत्या. मग त्यांनी हात लांब करून फोन स्वतःकडे ओढला. तो आडवाच मांडीवर धरला, त्यामुळे मुलाला बहुतेक छतच दिसत असावं.

"आई, अगं नीट धर," तो म्हणाला.

"राहू दे. ऐक फक्त," मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेत सगळा वर्ग गप्प बसवताना लावायच्या त्या आवाजात नाही, साध्याच. "सोमवारी मी पडले. तासभर जमिनीवर होते. हिला मघाशीच कळलंय, पण हिचं घर माझ्यावर चालतं, ही बोलायची नाही. तुला मला ठेवायला जागा नाही, तू विचारायचा नाहीस. आणि मला इथून कुठे जायचं नाही, म्हणून मी लबाडी करत होते." त्या थांबल्या. मी घड्याळाकडे बघितलं नाही. "मला आता एकटीला राहता येत नाही रे."