हरिकेनचं इंजिन

ॲल्विन मार्फ्लीटने हरिकेन बांधायला घेतलं तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता आणि इंजिन निवडायची वेळ आली तेव्हा अडुसष्ट. ही सात वर्षं त्याचं गॅरेज विमानाकडे होतं आणि गाडी बाहेर पावसात. हरिकेन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, आणि त्याचं हे रिमोटवर उडणारं मॉडेल खऱ्याच्या बरोबर पाव आकाराचं, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दहा फूट. मागच्या अंगाला लाकडी फासळ्यांवर ताणलेलं कापड, पुढे पत्रा. नाकावरचं आवरण त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून हातानेच केलं होतं. त्यात तीन प्रयत्न भंगारात गेले, चौथा जमला. चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं दुरुस्त केलेला माणूस. घाई त्याला माहीत नव्हती.

आमच्या क्लबात त्याची चेष्टा चालायची. "मार्फ्लीट, हे विमान उडणार आहे की मृत्युपत्रात जाणार आहे?" तो म्हणायचा, "तू किती दिवस जगतोस त्यावर आहे."

मी त्या क्लबाचा चिटणीस. लिंकनशायरमध्ये युद्धकाळातल्या बॉम्बर तळांच्या धावपट्ट्यांचे तुकडे अजून शिल्लक आहेत, त्यातल्या एकावर आम्ही रविवारी विमानं उडवतो. बाकीची धावपट्टी शेतकऱ्याने कधीच उखडून तिथे गहू लावलाय. परवानग्या काढणं, इंजिनांचा आवाज यंत्राने मोजणं आणि चहाचं पाणी ठेवणं, एवढी माझी कामं.

ॲल्विनचा डावा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. बांधताना हात टेबलावर टेकवता येतो, पण रिमोटच्या बोटभर दांडीवर तो कुठे टेकवणार? म्हणून विमान उडवायला त्याने हेस्टर डाऊजला विचारलं. हेस्टर त्रेचाळीसची, एका मोठ्या शेतावर फवारणीचं यंत्र चालवायची. बोलायला जरा तिखट, पण तिच्याइतका स्थिर हात आमच्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती लगेच हो म्हणाली आणि त्याच दमात तिने विचारलं, "इंजिन कुठलं?"

तिथून वादाला सुरुवात झाली.

ॲल्विनने इंजिन मनात कधीच ठरवून ठेवलं होतं. एकामागे एक दोन सिलिंडर असलेलं पेट्रोलवरचं फोर-स्ट्रोक. हरिकेनचं नाक अरुंद, त्यात ते अंगच्या कपड्यासारखं बसत होतं. आवाज जाड आणि संथ, खऱ्या विमानाच्या बराच जवळ जाणारा. शिवाय ते जड होतं, आणि इथे जडपणा हा गुणच होता. या विमानाचं नाक आखूड, शेपूट लांब. तोल साधायचा तर पुढे वजन हवंच.

हेस्टरला साधं टू-स्ट्रोक हवं होतं. एक सिलिंडर, भरपूर ताकद, हलणारे भाग कमी. त्याचा आवाज कर्कश आणि ते नाकात पुरतं मावतही नव्हतं. उलटं बसवलं तरी सिलिंडरचं डोकं खालून दीड इंच बाहेर यायचं.

"म्हणजे मी ठोकलेल्या पत्र्याला भोक पाडायचं," ॲल्विन म्हणाला.

"खालच्या बाजूला आहे. दिसणार कुणाला?"

"मला."

"तुम्ही विमानाखाली आडवे पडून बघणार आहात का?"

"आणि तुझं इंजिन दीड किलो हलकं. मग तेवढं शिसं नाकात भरायचं. इंजिनाऐवजी शिसं उडवत बसायचं, हा कुठला शहाणपणा?"

"शिसं कधी बंद पडत नाही, ॲल्विन," हेस्टर म्हणाली. "वीस किलोचं विमान आहे हे. उडताना इंजिन थांबलं तर ते तरंगत नाही, दगडासारखं खाली येतं. त्या वेळी रिमोट माझ्या हातात असेल. तुम्ही खुर्चीत बसून आवाज ऐकत असाल."

ॲल्विनने त्याच आठवड्यात फोर-स्ट्रोक मागवलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी त्याने ते घरामागच्या अंगणात लाकडी घोडीवर बांधलं आणि आम्हा दोघांना बोलावलं. मी आवाज मोजायचं यंत्र घेऊन गेलो. आमच्या धावपट्टीशेजारी घोडे पाळणारं एक कुटुंब राहायला आलं होतं, तेव्हापासून आवाजाच्या मर्यादेबाबत मी कडक झालो होतो. सात मीटरवर ब्याऐंशी डेसिबल, त्यापुढे नाही.

इंजिन दुसऱ्या झटक्यालाच सुरू झालं. माझ्या यंत्रावर एकोणऐंशी आले. ॲल्विन डोळे मिटून उभा होता आणि सात वर्षांत मी त्याचा चेहरा इतका सैल झालेला पाहिला नव्हता. आवाज खरोखरच सुंदर होता. हेस्टरने मात्र मान तिरकी केली.

"मागचा सिलिंडर चुकतोय," ती म्हणाली.

"काय?"

तिने जवळ येऊन मोठ्याने सांगितलं. "मागचा. मधूनच एखादा ठोका गाळतोय."

"कुठे गाळतोय? लोण्यासारखं चाललंय."

"ऐका ना. आत्ता. हा बघा, परत."

ॲल्विनने माझ्याकडे पाहिलं. ठोका चुकतोय हे मलाही ऐकू येत होतं. मी यंत्राच्या आकड्यांकडे बघत राहिलो.

हेस्टरने इंजिन बंद केलं, खिशातून तापमान मोजायची छोटी बंदूक काढली आणि आधी पुढच्या, मग मागच्या सिलिंडरवर धरली. पुढचा एकशे तीस अंश, मागचा शंभरच्याही खाली. ॲल्विनने बंदूक तिच्या हातातून घेऊन स्वतः दोनदा मोजलं. मग त्याने ती परत दिली आणि म्हणाला, "प्लग खराब असेल."

प्लग बदलला. मग व्हॉल्व्हची फट नीट केली. मग कार्ब्युरेटर उघडला. तीन आठवडे तो त्या इंजिनामागे लागला होता. चाळीस वर्षांत त्याने यापेक्षा हट्टी इंजिनं वठणीवर आणली होती, पण तेव्हा तो कानाने काम करायचा. आता दर वेळी इंजिन चालू करून बायकोला हाक मारावी लागायची. ईनिड ओले हात पुसत दारात यायची.

"आता?"

"अजून चुकतंय."

"आणि आता?"

"मघापेक्षा कमी. पण आहे."

तिनेच मला हे सगळं नंतर सांगितलं. एकदा तो तिच्यावर वैतागला, तुला इंजिनातलं काय कळतं म्हणाला. ती म्हणाली, "इंजिनातलं काही नाही कळत. पण केटली शिट्टी मारते ते मला कळतं. तू तिच्याशेजारी बसून पेपर वाचत असतोस. दोन वर्षं सांगतेय, कान दाखव."

दुसऱ्या दिवशी त्याने हेस्टरला फोन केला. त्या वेळी मी तिच्याकडेच होतो, तिच्या विमानाचं चाक बसवत, आणि तिने फोन स्पीकरवर टाकला होता.

"तुझं ते टू-स्ट्रोक मागव," तो म्हणाला.

"का हो? जमत नाही का ते?"

"जमेल. पण मला जे ऐकू येत नाही ते मी बसवणार नाही. उद्या तू उडवत असताना ते अडखळलं तर मी शेजारी उभा राहून मस्त चाललंय म्हणेन."

हेस्टर म्हणाली, "पत्रा मी कापून देऊ का?"

"हात लावलास तर बघ."

भोक त्याने स्वतःच पाडलं. कडा घासून अशा गुळगुळीत केल्या की जणू ते पहिल्यापासून तिथेच असावं. दीड किलो शिसं वितळवून नाकाच्या आतल्या वळणाप्रमाणे ओतलं. आवाज पहिल्यांदा चौऱ्याऐंशी आला. मी नाही म्हणालो. त्याने मोठा सायलेन्सर बसवला, तेव्हा एक्क्याऐंशी आला.

पहिलं उड्डाण मेच्या शेवटच्या रविवारी झालं. वारा धावपट्टीच्या सरळ रेषेत होता. क्लबाचे बहुतेक सगळे आले होते, ईनिडने सॉसेज रोल आणले होते. हेस्टरने विमान धावपट्टीच्या टोकाला नेलं, दोन मिनिटं नुसतं इंजिन ऐकलं आणि दांडी पुढे केली. शेपूट उचललं गेलं, मग चाकं. ती पोटात दुमडली गेली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ॲल्विन तिच्या डाव्या खांद्याशी उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

दोन फेऱ्या व्यवस्थित झाल्या. तिसऱ्या फेरीत तिने विमान जरा खाली सूर मारून धावपट्टीवरून नेलं, आम्हाला पोट दिसावं म्हणून, आणि पुन्हा वर खेचलं. वर जाता जाताच इंजिन थांबलं.

अशा वेळी जी शांतता होते ती या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे. हेस्टर फक्त "बंद" एवढंच म्हणाली. तिने नाक लगेच खाली दाबलं, वेग धरून ठेवला आणि चाकं बाहेर काढली. धावपट्टी गाठायला तीस मीटर कमी पडले. विमान गव्हात उतरलं. चाकाचा एक पाय उखडला, नाकावरचा फिरता पंखा तुटला, उजव्या पंखाचं टोक फाटलं. दुसऱ्या कुणाच्या हातात असतं तर काडीसुद्धा राहिली नसती.

आम्ही सगळे गव्हातून चालत गेलो. हेस्टर सर्वांत मागे होती.

"निवड माझी होती," ती ॲल्विनला म्हणाली.

"विमान दुरुस्त होईल," तो म्हणाला. तिचं म्हणणं त्याने खोडलं नाही.

चहाच्या टेबलावर दोघंतिघं कुजबुजत होते की फोर-स्ट्रोक असतं तर हे झालं नसतं. हेस्टरला ऐकू गेलं असणार. तिने कप तसाच ठेवला आणि ती निघून गेली.

पुढच्या गुरुवारी क्लबाच्या बैठकीला ती आली नाही. ॲल्विन आला, कोपऱ्यात बसला, लवकर गेला. त्यापुढच्या गुरुवारी ती आली, कारण मी फोन करून बोलावलं होतं. ॲल्विन जरा उशिरा आला. त्याच्या हातात हरिकेनची पेट्रोलची टाकी होती. दुधाच्या बाटलीएवढी, पांढरट प्लास्टिकची. ती त्याने हेस्टरसमोर टेबलावर ठेवली.

"आत बघ," तो म्हणाला.

टाकीच्या आत एक मऊ नळी असते आणि तिच्या टोकाला पितळी वजन. पेट्रोल जिकडे सरकेल तिकडे ते वजन जावं आणि नळीने पेट्रोल ओढत राहावं, अशी ती योजना. ॲल्विनने टाकी उलटी करून दाखवली. वजन पुढे घरंगळलं. मग त्याने ती सरळ केली, नाक वर असल्यासारखी तिरकी धरली. वजन परत मागे आलं नाही. नळी दुमडून पुढेच अडकून राहिली.

"नळी मी जास्तच लांब कापली," तो म्हणाला. "फोर-स्ट्रोकसाठी टाकी जोडली होती तेव्हाच. नंतर उघडून पाहिली नाही. तू खाली सूर मारलास, वजन पुढे गेलं, तू वर खेचलंस, पेट्रोल मागे गेलं. इंजिनाला प्यायला काही उरलंच नाही."

हेस्टरने टाकी हातात घेतली, स्वतः एकदा उलटी केली, सरळ केली.

"म्हणजे तुमचं इंजिन असतं तरी?"

"तेही थांबलं असतं. कुठलंही थांबलं असतं."

"टाकी कधी उघडलीत?"

"दुसऱ्याच दिवशी. सोमवारी."

"आज गुरुवार आहे. दुसरा."

"हो."

"दहा दिवस." ती हळू बोलत होती. "दहा दिवस मी फवारणी करताना तेच विमान पडताना बघतेय. कुठे चुकले, काय ऐकायचं राहिलं. आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," तो म्हणाला. "रोज फोन उचलायचो आणि ठेवायचो. आधी हात गेला, मग कान. एवढं एक बांधणं राहिलं होतं. त्यातही चूक झाली हे बोलवत नव्हतं."

हेस्टर उठली आणि बाहेर गेली. आम्हाला तिच्या गाडीचं दार ऐकू आलं, मग गाडी. ॲल्विन माझ्याकडे वळून म्हणाला, "गेली का?" मी हो म्हणालो. त्याने टाकी उचलून कोटाच्या खिशात घालायचा प्रयत्न केला. ती मावली नाही, तेव्हा तशीच हातात धरून तो घरी गेला.

जून आणि जुलै ती त्याच्याशी बोलली नाही. रविवारी यायची, आपलं विमान उडवायची, जायची. ॲल्विनने चाकाचा पाय सरळ केला, पंखाला नवीन कापड लावलं. लिंकन शहरात जाऊन कान तपासून घेतले, आणि श्रवणयंत्र मिळालं तेव्हा पहिले चार दिवस कावळ्यांना शिव्या दिल्या. फोर-स्ट्रोक त्याने एका स्कॉटिश माणसाला विकलं. त्याला आता ते नीट करता आलं असतं, हे मी त्याला म्हणालोही. तो म्हणाला, "आता विमानाला भोक पडलंय ना."

ऑगस्टमध्ये एका रविवारी हेस्टर त्याच्या टेबलाशी आली. हरिकेन तिथे उभं होतं, उडवायला कुणी नव्हतं. तो नुसता आणायचा आणि परत न्यायचा.

"टाकी बाहेर काढा," ती म्हणाली.

"नवीन नळी घातलीय. मधे कडक तुकडा आहे, दुमडणार नाही."

"मी विचारलं नाही काय घातलंय. काढा."

त्याने काढली. तिने ती उलटी केली, सरळ केली, तिरकी केली, कानाशी धरून हलवली. सात-आठ वेळा. ॲल्विन हात मागे बांधून उभा राहिला. मग तिने टाकी परत दिली.

"इथून पुढे प्रत्येक वेळी मी बघणार. आणि काही चुकलं तर त्याच दिवशी सांगायचं. रात्र मधे जाऊ द्यायची नाही."

"बरं," ॲल्विन म्हणाला.

त्या दिवशी विमान अकरा मिनिटं उडालं. हेस्टरने सूर मारून वर खेचायची करामत चार वेळा केली, मुद्दाम, आणि इंजिन एकदाही अडखळलं नाही. उतरताना दोन उड्या बसल्या. ॲल्विन म्हणाला, एकच बसली. त्यावरून ते दोघं विमान ढकलत गाड्यांपर्यंत पोचेस्तोवर भांडत होते, आणि मी चहाचं पाणी ठेवायला गेलो.