दाखवण्यापुरती लिफ्ट

मित्रांनो, सेलूच्या बाजारातून कापसाच्या जिनिंग मिलच्या बाजूला गेलात, की एक तीन मजली इमारत लागते. खाली मोटारसायकली उभ्या असतात. त्यांच्या मागे एक लोखंडी दार आहे आणि त्या दाराला कोणीतरी मोडकी सायकल टेकवून ठेवली आहे. त्या दाराआड मी असते. मी या इमारतीची लिफ्ट.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला कापले, वाकवले, घासले आणि तुकड्या तुकड्यांनी ट्रकमध्ये भरून इकडे पाठवले. दोन कारागिरांनी मला इथे जोडले. मी पहिल्यांदा वर गेले, त्या दिवशी माझ्या दारात नारळ फुटला. लोक आपल्या पाहुण्यांना मुद्दाम मला बघायला आणत. पाहुणे आत शिरले की गप्प होत आणि बाहेर पडले की मोठ्याने हसत. मला तेव्हा वाटले, आपला जन्म सार्थकी लागला.

धुरपताबाई पहिल्यांदा आल्या तो दिवस मला आठवतो. त्या चारठाण्याच्या. त्यांचा मुलगा विवेक इथल्या शाळेत क्लार्क आहे. त्याने तिसऱ्या मजल्यावर घर घेतले होते. धुरपताबाईंनी माझ्या दारात चपला काढल्या आणि अनवाणी आत आल्या. चपला खालीच राहिल्या आणि बाई वर गेल्या.

"आई, ही काय देऊळ हाय का?" विवेक म्हणाला.

"उंबऱ्याच्या आत चपला घालून कसं जावं," त्या म्हणाल्या. पुढेही बरेच दिवस त्या चपला हातात धरूनच आत येत.

खरे तर विवेकला पहिल्या मजल्यावरचे घर हवे होते, आईच्या गुडघ्यांसाठी. पण बँकेने त्याचा पगार बघितला आणि सांगितले, तुम्हाला एवढेच कर्ज बसते, याच्या वर नाही. तिसऱ्या मजल्यावरचे घर स्वस्त होते. तेही चारठाण्यातले आईचे पत्र्याचे घर विकल्यावर कसेबसे जमले. बिल्डर म्हणाला, लिफ्ट असल्यावर पहिला काय आणि तिसरा काय. बँकेने पगार मोजला, वय मोजले, बायकोच्या शिवणाचे पैसेसुद्धा विचारले. मला मात्र कोणी मोजले नाही. मला दर महिन्याला तेल लागते, वीज लागते, माणूस लागतो. त्याला लोक मेंटेनन्स म्हणतात.

काही वर्षे बरी गेली. मग व्याज वाढले आणि विवेकचा हप्ता वाढला. त्याच सुमारास माझी देखभाल करणाऱ्या कंपनीने आपला दर वाढवला. इमारतीची मीटिंग माझ्या दारासमोरच भरली. पहिल्या मजल्यावरचे दिनकरराव अध्यक्ष. कापसाचे व्यापारी, आवाज मोठा.

"आमी पयल्या मजल्यावर ऱ्हातो," ते म्हणाले. "आमाला हिची गरजच न्हाई. तुमी तीन मजले बसून जायलाव. तिसऱ्यानं दुप्पट भरायचं."

"काका, नियमानं सगळ्यांला सारखं हाय," विवेक म्हणाला.

"नियम शाळंत. इथं बिल्डिंग हाय."

विवेकने सारखाच वाटा दिला. दिनकररावांनी तो घेतला नाही. दुप्पट द्या, नाहीतर थकबाकीत धरू, असे म्हणाले. विवेकही हट्टाला पेटला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण भांडण दोघांचे होते आणि गुडघे तिसऱ्याच माणसाचे होते.

मग माझ्या बटनांशेजारी एक कुलूप बसले. ज्यांनी पैसे भरले त्यांना किल्ल्या मिळाल्या. विवेकच्या घरी किल्ली नव्हती. तो आणि त्याची बायको जिन्याने जाऊ लागले. धुरपताबाईंना ते जमेना. उतरताना त्या एकेका पायरीवर बसत, सरकत खाली येत. चढताना मात्र माझ्या दाराशी भाजीची पिशवी घेऊन थांबत. कोणी किल्लीवाला आला की त्याच्याबरोबर वर जात. त्या कोणाकडे काही मागत नसत. नुसत्या बाजूला सरकून उभ्या राहत.

दिनकररावांना हे समजले. त्यांनी ठरवले, थकबाकीवाल्याला जो वर नेईल त्याचीही किल्ली काढून घ्यायची.

दुसऱ्या मजल्यावरच्या मंजुषाताई धुरपताबाईंच्या घरी महालक्ष्म्यांना पोटभर जेवलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्या. समोर धुरपताबाई. मंजुषाताईंनी किल्ली पर्समध्ये ठेवली.

"मी जरा चालतच जाते, आत्या. डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

"जा बाई," धुरपताबाई म्हणाल्या. "तब्येतीला चांगलं असतं."

मित्रांनो, त्या महिन्यात आमच्या इमारतीत सगळ्यांनाच डॉक्टरने चालायला सांगितले. किल्ल्या खिशात घेऊन लोक धापा टाकत जिने चढत होते आणि मी रिकामी उभी होते. माझ्या दारात एक म्हातारी उभी होती. तिला आत घ्यायला लागू नये, म्हणून कोणी आतच येत नव्हते.

मग लोक म्हणू लागले, लिफ्ट आपण वापरत नाही, तर पैसे कशाला भरायचे? दिनकररावांनी मेन स्विच खाली केला. माझा दिवा गेला. मी तळाशी होते, तिथेच राहिले. धुरपताबाईंनी त्यानंतर खाली येणे सोडले. त्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढत. खालची पोरं पिशवीत कधी दगड टाकत, कधी चिखल. त्यांना कोणी रागावले नाही.

वर्षभराने विवेकने घर विकायला काढले. आईसाठी जमिनीवरच्या दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, असे त्याने ठरवले. पण बंद लिफ्टच्या इमारतीत तिसरा मजला कोण घेणार? त्याला भाव येईना. हे ऐकून दिनकररावांचीच झोप उडाली. एक घर पडेल किमतीत गेले की सगळ्या घरांचे भाव पडतात. एका संध्याकाळी सगळ्यांनी न भांडता वर्गणी काढली. मेकॅनिक आला. मला तेल मिळाले, नवी ट्यूब मिळाली, कुलूप निघाले. माझ्या कोपऱ्यात कोणी तरी उदबत्ती लावली. मी भाबडी. मला वाटले, माझे दिवस परत आले.

गिऱ्हाईक आले. देवगाव फाट्याजवळच्या शाळेतले बजरंग मास्तर आणि त्यांच्या आई रुख्मिणीबाई, काठी टेकत. घर पसंत पडले. पुरुषमंडळी गच्ची बघायला गेली. त्या दोघी म्हाताऱ्या खाली यायला माझ्यात शिरल्या. दार लागले.

"बाई, खरं सांगा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "ही रोज चालती का? माझ्या गुडघ्यात काय दम न्हाई. पोरगं म्हणतंय, बँक याच्याहून जास्त कर्ज देईना, खालचं घर आपल्याला बसत न्हाई. मला वर कोंडून पडायचं न्हाई बघा."

धुरपताबाई मजला दाखवणाऱ्या माझ्या दिव्याकडे बघत होत्या. त्यात तिनाचे दोन झाले. त्या खरे बोलल्या असत्या, तर रुख्मिणीबाई वाचल्या असत्या आणि त्या स्वतः पुन्हा वर अडकल्या असत्या. त्यांच्या उत्तरासाठी मीही ताटकळले होते, पण मला मध्येच थांबता येत नव्हते. दोनाचा एक झाला.

"चालती की," त्या म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. मी काय या वयात जिने चढत असंन का?"

रुख्मिणीबाई हसल्या. त्यांनी धुरपताबाईंचा हात धरला आणि बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. धुरपताबाईंनी एकदाही त्यांच्याकडे बघितले नाही.

धुरपताबाई जमिनीवरच्या खोल्यांत राहायला गेल्या. रुख्मिणीबाईंचे सामान आले. सामान चढेपर्यंत मी चालू होते. शेवटचे कपाट वर गेले, मी खाली आले आणि दिनकररावांनी मेन स्विच खाली केला. मग मीटिंग घेतली. तिसऱ्याने दुप्पट भरायचे, असे त्यांनी बजरंग मास्तरांनाही सांगितले. मास्तर म्हणाले, नियमाने सारखे.

दुसऱ्या दिवशी वरून बटन दाबल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग जिन्यातून हाक आली.

"लाईट गेली का ओ?"

खाली चार माणसे उभी होती. एकाने वर बघितले. मग चौघेही आपापल्या मोटारसायकलींकडे वळले.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. त्या एका संध्याकाळी माझे सगळे लाड झाले आणि त्याने काय झाले ते तुम्ही वाचलेच. धुरपताबाईंना मी वाईट म्हणणार नाही. एका खऱ्या शब्दासाठी सगळा भार त्यांच्याच गुडघ्यांवर टाकणारे आम्ही कोण? मी एवढेच मागते. उद्या तुमच्याही हातात किल्ली येईल आणि दाराशी कोणी तरी बाजूला सरकून उभे असेल. त्याला आत घ्या. एकाला वर न्यायला मला जेवढा जोर लागतो, जवळजवळ तेवढ्यातच दोघे जातात.